फूट कोणता, ते आधी विचारा

सकाळी ९ वाजता लकडगंजातले आरे सुरू होतात, तेव्हा माझी दरांची वही उघडलेली असते. नागपूरच्या या लाकूडबाजारात दारे-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदीचा हिशेब मी बघते. आज तीन दर आले आहेत. बल्लारशाहच्या गोल सागवानाचा दर घनमीटरला, परदेशी सागवानाचा हॉपस टनाला आणि जवळच्या वखारीतल्या चिरलेल्या मालाचा घनफुटाला. मालक विचारतात, "ताई, स्वस्त कोणतं?" मी म्हणते, दुपारपर्यंत थांबा.

१० वाजता आकडेमोड. १ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट, हे सगळ्यांना पाठ असते. गोंधळ होतो तो हॉपसमध्ये. एडवर्ड हॉपस या अठराव्या शतकातल्या इंग्रज माणसाच्या नावाने चालणारे हे माप. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ओंडका गोल असल्यामुळे खरे घनफळ यापेक्षा जास्त भरते: १ हॉपस फूट म्हणजे १.२७३ खरे घनफूट. ५० हॉपस फुटांचा १ हॉपस टन, म्हणजे खरे १.८ घनमीटर. म्हणून लोक टनाच्या दराला सरळ १.८ने भागतात. पण आपल्याकडच्या आगारातला घनमीटरही याच चौथाई घेराने मोजलेला असतो! त्या दराशी तुलना करायची, तर ५० भागिले ३५.३१५, म्हणजे १.४१६नेच भागायला हवे. नाहीतर परदेशी माल कागदावर उगाच स्वस्त दिसतो.

१२ वाजता अंगणात टेप घेऊन. समोरच्या ओंडक्याचा मधोमध घेर १२० सेंटीमीटर, लांबी ३ मीटर. चौथाई घेराने ०.२७ घनमीटर, प्रत्यक्षात ०.३४४. हिशेबापुरता घनमीटरला १ लाख रुपये दर धरू. ओंडका २७,००० रुपयांचा झाला. नुसते ३५.३१५ने भागले, तर घनफुटाला २,८३२ रुपये येतात आणि मन हरखते.

हाच ओंडका २ वाजता आऱ्यावर चढतो. साल जाते, कडेचे पांढरे लाकूड जाते, पात्याच्या जाडीइतका भुसा होतो, मध्ये पोकळी निघाली तर विचारायलाच नको. समजा चौकटीच्या कामाचे ६ घनफूट हाती आले, तर घनफूट ४,५०० रुपयांना पडला. चिराई आणि गाडीभाडे अजून धरलेच नाही. वखारवाल्याने चिरलेला माल ४,२०० रुपयांनी दिला, तर तो महाग कसा म्हणायचा? माझ्या मते गोल लाकडाची तुलना आऱ्याच्या पुढच्या बाजूलाच व्हायला हवी, मागच्या बाजूला नाही.

४ वाजता एक काका घराच्या चौकटी विचारायला आले. त्यांना दुसऱ्या दुकानाने ५ बाय ३ इंच चौकटीला रनिंग फुटाला ४५० रुपये सांगितले होते. ५ गुणिले ३ भागिले १४४, म्हणजे एका रनिंग फुटात ०.१०४ घनफूट. दर पडतो घनफुटाला ४,३२०. ऐकायला ४५० लहान वाटतात, एवढेच. शिवाय ५ बाय ३ रंधा मारण्याआधीचे की नंतरचे, हे काकांना कुणी सांगितले नव्हते. रंधा मारून ४.७५ बाय २.७५ उरले, तर सुमारे १३ टक्के लाकूड कमी झालेले असते. पैसे मात्र ५ बाय ३चेच द्यावे लागतात. काकांनी माझ्याकडून कागद घेऊन हा गुणाकार स्वतः करून पाहिला, याचा मला फार आनंद झाला.

६ वाजता मालकांना उत्तर दिले: या वेळी चिरलेलाच माल घ्या.

तुम्ही घरासाठी लाकूड घ्याल तेव्हा दर विचारण्याआधी माप विचारा. बिलावर प्रत्येक नगाची लांबी, रुंदी आणि जाडी लिहून मागा. एकूण घनफूट तुम्ही स्वतः गुणून पाहा आणि मगच पैसे द्या.