चतुश्चक्र चालन, स्वयंनियंत्रित

मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरविणाऱ्या आणि कोणत्या चाकास ती किती द्यावयाची हे परिस्थितीनुसार आपोआप ठरविणाऱ्या यंत्रणेस स्वयंनियंत्रित चतुश्चक्र चालन म्हणतात. खडकाळ वा चिखलाच्या वाटेवर चालणाऱ्या जीपसारख्या वाहनांत चारही चाकांना शक्ती देण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. परंतु तेथे उद्देश अडकलेली गाडी बाहेर काढण्याचा असतो. वेगवान मोटारगाड्यांत तो निराळा असतो. एंजिनाची मोठी शक्ती चाके न घसरता रस्त्यावर उतरविणे व वळणावर गाडी ताब्यात ठेवणे, या दोन गोष्टी तेथे साधावयाच्या असतात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या वर्गातील प्रमुख यंत्रणांची तुलना केली आहे.

मूलतत्त्वे : गाडीला पुढे ढकलणारी प्रेरणा रस्ता व टायर यांमधील घर्षणातून मिळते. चाकावर पडणारा भार आणि घर्षणांक यांच्या गुणाकाराहून ही प्रेरणा जास्त असू शकत नाही. गाडीचा भार दोन्ही आसांवर सारखा आहे आणि दाबलेल्या बर्फावरील घर्षणांक ०·२ आहे असे मानल्यास, दोन चाकांनी चालणाऱ्या गाडीस सेकंदाला सु. १ मी./से. इतकीच वेगवृद्धी मिळते, तर चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीस तिच्या दुप्पट मिळते. म्हणजे पहिलीला ताशी ३६ किमी. वेग गाठण्यास सु. १० सेकंद, तर दुसरीला सु. ५ सेकंद लागतात. कोरड्या रस्त्यावर हा फरक सामान्य गाडीत जाणवत नाही. एंजिन अतिशय शक्तिमान असेल तरच तो तेथेही दिसून येतो.

वळणावर प्रत्येक चाक निराळ्या त्रिज्येच्या मार्गावरून जाते. बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा आणि पुढील चाकांना मागील चाकांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून एका आसावरील दोन चाकांमध्ये, तसेच अग्र व पश्च आसांमध्येही, वेगातील फरकास वाव देणारी विभेदी दंतचक्रमाला (डिफरन्शियल) बसवावी लागते. साध्या विभेदी मालेचा एक मोठा दोष असा की, ती दोन्ही बाजूंना सारखेच परिबल (फिरविणारी प्रेरणा) देते. एक चाक बर्फावर असेल, तर ते पेलू शकेल तेवढ्याच अल्प परिबलावर दुसऱ्या चाकालाही समाधान मानावे लागते. तीनही विभेदी माला साध्या असतील, तर एकच चाक अधांतरी राहिल्याने चारही चाकांचे कार्य थांबते. याउलट माला पूर्णपणे जखडून टाकली, तर पकड मिळते; पण वळणावर चाके एकमेकांशी झगडू लागतात व गाडी वळण्यास नाखूश होते. या दोन टोकांमधील योग्य जागा क्षणोक्षणी शोधणे हे स्वयंनियंत्रित यंत्रणेचे कार्य होय.

इतिहास : नेदर्लंड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन व चतुश्चक्र चालन असलेली मोटारगाडी तयार केली होती. इंग्लंडमध्ये फर्ग्युसन संशोधन संस्थेने या विषयात दीर्घकाळ काम केले. तिची पी ९९ ही शर्यतीची गाडी चालवून स्टर्लिंग मॉस यांनी १९६१ मध्ये औल्टन पार्क येथील गोल्ड कप ही शर्यत जिंकली. फर्ग्युसन पद्धतीवर आधारलेली जेन्सन एफएफ ही गाडी १९६६ मध्ये विक्रीस आली. तिच्यात पुढील चाकांना ३७% व मागील चाकांना ६३% परिबल मिळे आणि चाके जखडू न देणारे यांत्रिक गतिरोधकही होते. मात्र ती महाग होती आणि अशा केवळ ३२० गाड्या निघाल्या.

या पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती जर्मनीतील औडी कंपनीच्या क्वात्रो या गाडीमुळे. ती १९८० मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. फिनलंडमधील बर्फावर फोक्सवॅगन इल्टिस हे अल्पशक्तीचे लष्करी वाहन इतर शक्तिमान गाड्यांना मागे टाकते, हे पाहून यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने ही कल्पना मांडली होती. दंतचक्रपेटीतील एक दंड पोकळ ठेवून त्यातून मध्यवर्ती विभेदी मालेकडे शक्ती नेणे व त्याच्याच आतून दुसऱ्या दंडाने ती पुढील चाकांकडे परत आणणे, ही क्वात्रोमधील युक्ती होय. तिच्यामुळे जड अशा वेगळ्या वाटपपेटीची गरज उरली नाही. १९८१ च्या सान रेमो रॅलीत मिशेल मूताँ यांनी क्वात्रो चालवून विजय मिळविला. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. औडीने १९८२ व १९८४ मध्ये उत्पादकांचे अजिंक्यपद मिळविले.

यानंतर स्पर्धकांनी चतुश्चक्र चालनाच्या आधारे एंजिनांची शक्ती झपाट्याने वाढविली. पूर्वी दोन चाकांना न पेलणारी शक्ती आता रस्त्यावर उतरविता येऊ लागली. परंतु प्रेक्षकांची व चालकांची सुरक्षितता त्या प्रमाणात वाढली नाही. पोर्तुगाल व कॉर्सिका येथील १९८६ मधील प्राणघातक अपघातांनंतर ‘गट ब’ या वर्गातील गाड्यांना त्या वर्षाअखेर अजिंक्यपद मालिकेतून काढून टाकण्यात आले.

प्रकार : (१) यांत्रिक संवेदी यंत्रणा : औडीने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हाताने जखडावयाच्या मध्यवर्ती मालेऐवजी टॉर्सेन ही माला वापरावयास सुरुवात केली. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकांनी योजिलेल्या या मालेत मळसूत्री दंतचक्रे असतात. एका बाजूची पकड कमी होऊ लागताच दंतचक्रांतील घर्षणामुळे दुसऱ्या बाजूस काही पट अधिक परिबल आपोआप मिळते. चाक घसरण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तथापि ती गुणाकाराने काम करते. एका बाजूचे परिबल शून्य झाले, तर शून्याच्या कितीही पटी शून्यच राहतात.

(२) श्यान जोडणी : सिलिकोन तेलात बुडविलेल्या अनेक तबकड्यांची ही जोडणी असते. दोन्ही बाजूंच्या वेगांत फरक पडला की तेलाच्या श्यानतेमुळे (दाटपणामुळे) मंद बाजू ओढली जाते. लान्चिया कंपनीच्या डेल्टा इंटेग्राले या गाडीत मध्यवर्ती ग्रहमालेला अशा जोडणीची साथ दिलेली होती व मागे टॉर्सेन माला होती. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपद लान्चियाकडे राहिले. रचना साधी असली, तरी आधी घसरण व मग उपाय, असा या जोडणीचा क्रम असतो.

(३) नियंत्रित क्लच : या प्रकारात एक आस एंजिनाशी कायमचा जोडलेला असतो व दुसऱ्याकडे जाणारी शक्ती तेलात फिरणाऱ्या बहुतबकडी क्लचमधून जाते. क्लचवरील दाब संगणक ठरवितो. पोर्श ९५९ या गाडीत ही पद्धत प्रथमच प्रगत स्वरूपात दिसली व त्याच गाडीने १९८६ ची पॅरिस–डाकार रॅली जिंकली. जपानच्या निसान कंपनीच्या १९८९ मधील स्कायलाइन जीटी-आर या गाडीत एरवी मागील चाकेच चालत. चाकांचे वेग आणि गाडीचे पुढील व आडवे प्रवेग संवेदकांनी सेकंदास १०० वेळा मोजले जात आणि गरजेप्रमाणे ५०% पर्यंत परिबल पुढे पाठविले जाई. या गाडीने १९९०–९३ या काळात जपानमधील टूरिंग कार अजिंक्यपद मालिकेतील सर्व २९ शर्यती जिंकल्या. स्वीडनमधील हाल्डेक्स जोडणी १९९८ पासून आडव्या एंजिनाच्या गाड्यांत वापरली गेली. तेथे मूळचे चालन पुढील चाकांचे असते. बीएमडब्ल्यू एम ५ च्या २०१७ मधील आवृत्तीत पुढील चाके पूर्णपणे अलग करण्याचीही सोय दिलेली होती.

(४) नियंत्रित विभेदी माला : येथे मध्यवर्ती विभेदी माला कायम राहते व तिला किती जखडावयाचे एवढेच संगणक ठरवितो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय या गाडीत हे काम विद्युत् चुंबकीय क्लच करी व चालकासही ते चक्तीने बदलता येई. मित्सुबिशी लान्सर एव्होल्यूशनच्या २००१ मधील सातव्या आवृत्तीत डांबरी रस्ता, खडी व बर्फ यांसाठी निरनिराळे पर्याय होते.

(५) डावे-उजवे वाटप : मित्सुबिशीने १९९६ मध्ये मागील दोन चाकांत परिबल कमीअधिक करणारी यंत्रणा आणली. होंडाने २००४ मध्ये लेजंड या गाडीत मागील बाहेरचे चाक अधिक वेगाने फिरविण्याची योजना केली. फोर्ड फोकस आरएस या २०१६ मधील गाडीत प्रत्येक मागील चाकास स्वतंत्र क्लच होता. बाहेरील चाकास जास्त परिबल दिल्याने गाडी जणू आतील बाजूस ढकलली जाते. सुकाणूचे काही काम अशा रीतीने चाकेच करतात.

तुलना : उत्पादक आपल्या यंत्रणेचे वर्णन ५०:५० किंवा ३०:७० अशा आकड्यांनी करतात; पण केवळ त्यांवरून तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. विभेदी माला असेल, तर असे प्रमाण तिच्या दंतचक्रांच्या रचनेनेच ठरते. क्लच पूर्णपणे आवळलेला असताना मात्र दोन्ही आसांचे वेग सारखे होतात व परिबलाची वाटणी ज्या चाकास जितकी पकड असेल त्याप्रमाणे होते. शिवाय क्लच हा नेहमी वेगवान बाजूकडून मंद बाजूकडेच परिबल नेऊ शकतो. यामुळेच फोकस आरएस आणि टोयोटा जीआर यारिस (२०२०) या गाड्यांत मागील आस मुद्दाम किंचित अधिक वेगाने फिरेल असे दंतचक्रांचे प्रमाण ठेवले होते. या फरकामुळे मागील चाकांकडे जास्त परिबल पाठविता येते. त्याची किंमत क्लच तापण्याच्या रूपाने मोजावी लागते.

यांत्रिक माला तात्काळ प्रतिसाद देते, सतत ताण सहन करते व तिचे वर्तन चालकास आधीच ओळखता येते. परंतु ती भविष्याचा अंदाज करीत नाही. संगणकीय क्लच सुकाणूचा कोन व प्रवेगकाची स्थिती पाहून चाक घसरण्यापूर्वीच तयारी करू शकतो, गतिरोधक लावताच आस अलग करून चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेस मोकळीक देतो आणि वजनाने हलका असतो. त्याचे यश मात्र आज्ञावलीच्या गुणवत्तेवर अवलंबून असते. रीमात्स नेव्हेरा (२०२१) या क्रोएशियन गाडीत प्रत्येक चाकास स्वतंत्र विद्युत् चलित्र आहे. तेथे मध्यवर्ती दंड, क्लच व विभेदी माला यांची गरजच राहत नाही व सर्व वाटप संगणकाकडे जाते.

मर्यादा : कोणतीही यंत्रणा रस्त्याचा घर्षणांक वाढवीत नाही. टायरची पकड ही एकच पुंजी असून ती पुढे ढकलणे, वळणे व थांबणे यांत वाटली जाते. वळताना ८०% पकड खर्च झाली, तर वेग वाढविण्यास वा कमी करण्यास सु. ६०% च उरते, कारण या दोन प्रेरणा परस्परांशी काटकोनात असतात. गतिरोधक तर प्रत्येक मोटारगाडीत चारही चाकांवर असतात. त्यामुळे चतुश्चक्र चालनाने थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ताशी ७२ किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीस कोरड्या रस्त्यावर (घर्षणांक ०·९) थांबण्यास सु. २३ मी., तर दाबलेल्या बर्फावर (घर्षणांक ०·२) सु. १०२ मी. लागतात. चालन दोन चाकांचे असो वा चारांचे, हे आकडे बदलत नाहीत.

धोका निर्माण होतो तो येथेच. दोन चाकांच्या गाडीत चाक घसरताच रस्ता निसरडा असल्याची सूचना चालकास मिळते. उत्तम स्वयंनियंत्रित यंत्रणा ही सूचना दडपून टाकते. गाडी सहज वेग घेते म्हणून ती तितक्याच सहजतेने थांबेल, असा समज होतो व चूक लक्षात येते तेव्हा वेग आधीच जास्त झालेला असतो. म्हणून ऋतूस अनुरूप टायर, त्यांतील योग्य दाब आणि पुढील वाहनापासून राखलेले अंतर यांना अशा गाडीतही तितकेच महत्त्व आहे.