होडीचं इंजिन ऑनलाइन घेताना: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

होडीला मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन ऑनलाइन मागवावं का, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर विचारा नाहीतर उजनीच्या काठावर, पहिलं उत्तर बहुधा एकच येतं: "पैसे बुडतील." बुडतातही. पण सगळ्या धोक्यांत ओळखायला सोपा आणि टाळायलाही सोपा धोका तोच आहे. जास्त महागात पडतं ते वेगळंच प्रकरण. इंजिन अस्सल असतं, नवं कोरं असतं, वेळेवर दारात येतं, आणि होडीला बसत नाही. तिथे फसवणूक कुणीच केलेली नसते, त्यामुळे भांडायलाही कुणी सापडत नाही.

"एचपी जुळली की काम झालं"

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज हाच. खरेदीदार ९.९ किंवा १५ एचपी एवढंच बघतो आणि किमतींची तुलना सुरू करतो. एचपीनंतर लगेच बघायची गोष्ट म्हणजे शाफ्टची लांबी. आउटबोर्ड साधारण तीन मापांत मिळतं: १५ इंच, २० इंच आणि २५ इंच. मॉडेलच्या नावाशेवटी एस, एल, एक्स अशी अक्षरं असतात ती बहुतेक वेळा याचीच. मोजायची होडी. इंजिनाचा क्लॅम्प जिथे बसतो त्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून सरळ खाली, होडीच्या तळापर्यंत टेप लावायचा. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली यायला हवी.

उंच फळीला आखूड शाफ्ट लावला तर पंखा पाण्याबरोबर हवाही ओढतो. इंजिन ओरडतं, होडी जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंडाव्याचं पाणी आत घेणारी जाळी लाटेगणिक उघडी पडते आणि इंजिन तापतं. उलट, बुटक्या होडीला लांब शाफ्ट लावला तर ओढ वाढते, पेट्रोल जास्त जातं आणि ओहोटीच्या वेळी खाडीत शिरताना पंखा वाळूत घासतो. पानावरच्या फोटोत तिन्ही मापांची इंजिनं सारखीच दिसतात, हे विसरू नये.

एचपीच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. नावाजलेल्या कंपन्यांच्या ९.९ एचपीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात साधारण २०० सीसी किंवा त्याहून थोडी अधिक क्षमता असते. जुन्या ५० सीसीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर त्याच कंपन्यांनी २ एचपी लिहिलं. आता गवत कापायच्या यंत्राचं ५२ सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन दांड्याला जोडून त्यावर साडेतीन, कधी त्याहूनही मोठा आकडा छापलेला दिसतो. तळ्यातल्या छोट्या होडीला ते चालेल, त्यात वाईट काही नाही. पण जाळी, बर्फ आणि चार माणसं घेऊन भरतीच्या तोंडातून बाहेर पडताना लागणारा जोर छापील आकड्यातून येत नाही.

मग पंखा. इंजिनाबरोबर येतो तो पंखा बहुधा हलक्या, रिकाम्या होडीच्या हिशेबाचा असतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यावेत याची मर्यादा माहितीपुस्तकात दिलेली असते, पुष्कळ इंजिनांना ती ५,००० ते ६,००० च्या आसपास असते. लादलेल्या होडीवर फेरे तिथवर पोचतच नसतील तर इंजिन दबून चालतंय, आणि दबून चालणारं इंजिन लवकर जातं. पंख्याचा पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. ही जुळणी होडी पाण्यात घालून, चालवून बघूनच होते. चांगला विक्रेता हे आपणहून करून देतो. ऑनलाइन खरेदीत किंमत कमी दिसते त्यातला एक हिस्सा या न मिळालेल्या सेवेचा असतो.

"ऑनलाइन म्हणजे सात दिवसांत परत"

मोबाइल परत करतो तसं इंजिन परत होत नाही. "चुकून लांब शाफ्ट मागवला" हा मालाचा दोष नव्हे, खरेदीदाराची चूक धरली जाते. एकदा तेल-पेट्रोल घालून सुरू केलं की ते वापरलेलं इंजिन ठरतं.

कोकणात यात आणखी एक गोम आहे. खरेदीचा विचार होतो मे-जूनमध्ये. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, होड्या वर ओढलेल्या असतात, हातात वेळ असतो, कधी कधी सवलतही चालू असते. इंजिन येतं आणि खोक्यातच राहतं. परतीची मुदत शाकारलेल्या होडीशेजारी संपून जाते. वॉरंटी मात्र अनेकदा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. दर्या शांत होऊन पहिली फेरी निघेपर्यंत तिचे दोन-अडीच महिने गेलेले असतात. पावसाळ्यात घ्यायचंच असेल तर वॉरंटी बिलापासून की पहिल्या वापरापासून, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

"कंपनीचं आहे, म्हणजे वॉरंटी आहेच"

परदेशी संकेतस्थळावरून मागवलेलं इंजिन त्याच कंपनीचं असलं तरी वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकलं तिथल्यापुरतीच असते. सीमाशुल्क आणि आयजीएसटी आपल्या डोक्यावर. शिवाय बहुतेक कंपन्या हौशी आणि व्यावसायिक वापरात फरक करतात. मासेमारीला किंवा पर्यटकांच्या फेऱ्यांना लावलेल्या इंजिनाची वॉरंटी हौशी वापरापेक्षा बरीच कमी असू शकते. जाहिरातीत ठळक छापलेली वर्षं बहुधा हौशी माणसाची असतात.

वॉरंटी टिकवायची तर पहिली सर्व्हिस साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी करावी लागते, तीही अधिकृत ठिकाणी. म्हणून किंमत बघण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते बघावं. इम्पेलरसारखा रबराचा भाग खाऱ्या, गढूळ पाण्यात वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतोच. तो मिळायला पंधरा दिवस लागले तर ऐन हंगामात होडी किनाऱ्यावर. एविनरूडचं उदाहरण आठवावं. १९०९ पासून आउटबोर्डच्या धंद्यातलं हे नाव, पण २०२० मध्ये मालक कंपनी बीआरपीने या इंजिनांचं उत्पादनच बंद केलं. सुटे भाग पुरवत राहू असं कंपनीने सांगितलं होतं, तरी परदेशी पानावर स्वस्तात दिसणारं जुनं एविनरूड आपल्या बंदरावरचा मेकॅनिक हातात घेईल का, हे आधी त्यालाच विचारावं.

"धंद्याला घेतलं, आता ग्राहक आयोग दारात उभं करणार नाही"

विक्रेते हे वाक्य बिनदिक्कत तोंडावर फेकतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं. पण त्याच कायद्यातल्या 'ग्राहक' या व्याख्येच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वयंरोजगारातून, केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. स्वतःच्या होडीवर स्वतः जाणारा मच्छीमार ग्राहकच आहे. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विक्रेता दिल्लीचा असला म्हणून दिल्ली गाठावी लागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र दहा होड्या आणि पगारी खलाशी असलेल्या मालकाने या स्पष्टीकरणावर फार भिस्त ठेवू नये.

"जुनं इंजिन व्हिडिओवर चालू दिसलं, म्हणजे चांगलं आहे"

गरम इंजिन कुणीही चालू करून दाखवतो. थंड इंजिन पहिल्या ओढीत सुरू होतं का, ते बघायचं. गिअरचं तेल काढून दाखवायला सांगावं. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. क्लॅम्पवरची क्रमांकाची पट्टी खरवडलेली किंवा नसलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. चोरीच्या इंजिनाची पहिली खूण तीच, आणि होडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांक लागतोच. गोड्या पाण्यातलं इंजिन आणि रोज खाऱ्यात चाललेलं इंजिन एकाच वर्षाचं असलं तरी त्यांचं वय सारखं नसतं. झिंकचे अॅनोड किती खाल्ले गेलेत यावरून थोडा अंदाज येतो.

विकणारा "लष्करात आहे, अचानक बदली झाली" म्हणू लागला तर पुढचं बोलणं ऐकायची गरज नाही. हा फसवणुकीचा इतका जुना साचा आहे की ही मंडळी नवी गोष्ट का रचत नाहीत याचं नवल वाटतं. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर त्याच क्षणी १९३० ला फोन करावा, इथे तास मोलाचे असतात.

"५५ पौंडांची इलेक्ट्रिक मोटर म्हणजे दणकट"

पौंडांत लिहिलेला आकडा ढकल सांगतो, शक्ती नव्हे. १२ व्होल्टची अशी मोटर पूर्ण वेगाला साधारण ५० अँपिअर ओढते. म्हणजे ६०० वॉट, एक एचपीही नाही. १०० एएचची लेड-अॅसिड बॅटरी कागदावर दोन तास चालेल, पण ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात जेमतेम तास उरतो. धरणाच्या शांत पाण्यात गळ टाकायला छान. वाऱ्याविरुद्ध परतायला नाही.

"ऑनलाइन म्हणजे फसवणूकच"

हेही खरं नाही. दुकानातही चुकीचा शाफ्ट गळ्यात मारला जातो, कारण गोदामात तोच पडलेला असतो. माप घेतलेलं असेल, मॉडेल क्रमांक ठरलेला असेल आणि विक्रेता कंपनीच्या अधिकृत यादीत असेल, तर ऑनलाइन खरेदीत धास्ती बाळगण्यासारखं फारसं नाही. त्याचं नाव कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधावं, विक्रेत्याच्या पानावरच्या प्रमाणपत्राच्या फोटोवर नाही. निम्मी किंमत आणि पूर्ण रक्कम आगाऊ बँक खात्यात, ही जोडी दिसली की मागे फिरावं. अनुदानातून घ्यायचं असेल तर मागवण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं, बिल हाती आल्यावर विचारून उपयोग होईलच असं नाही.

खोकं आलं की उघडताना व्हिडिओ करावा, क्रमांक बिलाशी ताडावा. फोर-स्ट्रोक इंजिन आडवं ठेवताना माहितीपुस्तकात सांगितलेली बाजूच खाली हवी, नाहीतर तेल सिलिंडरात उतरतं. ९.९ एचपीचं इंजिन चाळीसेक किलोचं असतं, आणि कुरिअरवाला बहुतेक एकटाच येतो. तेव्हा उतरवायला घरचं एक माणूस तयार ठेवावं.