मेलेला गडी उठतो तेव्हा

मराठीच्या प्राध्यापकाने कबड्डीवर लेख लिहायला घ्यावा, हे आमच्या घरात कोणालाच रुचले नाही. ज्या गृहस्थाला जिना चढताना मधल्या पायरीवर उभे राहून दम घ्यावा लागतो, त्याने चढाईविषयी बोलू नये, असे सौभाग्यवतींचे मत पडले. चिरंजीवांनी तर ‘बाबा, निदान रेषा कुठली आणि बोनस रेषा कुठली, एवढं सांगा,’ असे विचारून मला घरच्या मैदानावरच बाद केले. तरीही मी लिहितो आहे. कारण हा लेख एका माणसाचे देणे आहे, आणि ते फेडायला मला बारा-तेरा वर्षे उशीर झाला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या महाविद्यालयाची सहल भंडारदऱ्याला गेली होती. पावसाळ्यात अंगावर येणारा हा मुलूख त्या दिवसांत अगदी मवाळ झालेला असतो. भाताची खाचरे कापून मोकळी झालेली, कळसूबाईचा माथा स्वच्छ दिसतो आहे, आणि १९२६ साली पुरे झालेले ते दगडी धरण प्रवरेचे पाणी पोटाशी धरून मुकाट उभे आहे. मुले-मुली धरणाकडे पाठ करून आपापली छायाचित्रे काढण्यात दंग झाली, तेव्हा मी चहाच्या शोधात शेंडी गावाकडे वळलो.

टपरीवाल्याने कप पुढे करता करता विचारले, “सर, ओळखलंत का?”

प्राध्यापकाच्या आयुष्यात याहून अवघड प्रश्न नाही. मी नेहमीचे गुळमुळीत हसलो. त्याने वर्ष सांगितले आणि मला एकदम आठवले. वर्गातला चेहरा नव्हे, मैदानावरचा. आमच्या महाविद्यालयाच्या संघात उजवा कोपरा सांभाळणारा मुलगा. एकदा त्याने घोटा धरला की समोरचा गडी मध्यरेषेकडे नुसता हात लांबवत राही.

साखरेच्या डब्याला टेकवून त्याचा मोबाईल उभा होता. त्यावर पुण्याच्या बालेवाडीतला सामना चालू होता. शेजारच्या मोकळ्या जागेत सात-आठ पोरे फक्कीने रेघा आखत होती.

“पलटणीचं काय खरं नाही, सर,” तो म्हणाला.

पलटण म्हणजे पुणेरी पलटण. ज्या घरांत संध्याकाळचा दूरदर्शन-संच मालिकांच्या ताब्यात असतो, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. २०१४ साली व्यावसायिक कबड्डीची प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हाच्या आठ संघांत पुण्याचा हा संघ होता. पहिल्या हंगामात तो आठवा आला. दुसऱ्यातही आठवाच! दोन्ही वर्षी चौदा सामन्यांत अवघे दोन-दोन विजय. मग मध्ये दोनदा तिसरा क्रमांक, पुन्हा घसरण, आणि २०१९ मध्ये बारा संघांत दहावा. त्यानंतर मात्र काही तरी पालटले. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या हंगामात साखळीतल्या बावीस सामन्यांपैकी फक्त दोन गमावून, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून ती विजेती झाली.

आणि नऊ महिन्यांतच हे दृश्य! गतविजेता संघ आपल्या घरच्या मैदानावर खेळत होता आणि घसरत होता. कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. त्याच्या जागी आकाश शिंदे धुरा वाहत होता. हंगाम संपला तेव्हा पलटण आठव्या जागी होती. बाद फेरीचे दार त्या हंगामात सहा संघांनाच उघडत होते.

“गेली आता ही पलटण,” मी शहाण्यासारखे बोललो. “मोहरा विकला गेला, की डाव संपला.”

माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. विजेतेपदाच्या हंगामासाठी पलटणीने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतले होते. त्या वर्षी एका संघाला खेळाडूंवर खर्चायला मिळत होते ५ कोटी. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एका माणसावर रिकामी केली. गंमत पाहा, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्ण मिळवले. नियमाच्या वादाने सामना खोळंबलेला, दोन्ही बाजू हमरीतुमरीवर. तेव्हा शादलुई त्या बाजूला होता आणि आपले अस्लम व आकाश या बाजूच्या चमूत. दोन महिन्यांनी तिघे एकाच रंगाच्या बनियनमध्ये खेळू लागले! पण लिलावाची माया ती लिलावाचीच. पुढल्या वर्षी शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अजिंक्यपद कोणाचे झाले? हरियाणाचे!

“तेव्हा मला सांग,” मी म्हणालो, “या संघात पुन्हा उभं राहण्याइतका दम उरलाय कुठे?”

तो हसला. त्याने बाहेरच्या पोरांकडे बोट केले. “सर, त्या कडेला बसलेल्या दोघांना बघा.”

दोन पोरे रेषेबाहेर उकिडवी बसली होती. बाद झालेली. एवढ्यात त्यांच्या बाजूच्या चढाईवाल्याने समोरच्या एका गड्याला शिवले आणि तो धापा टाकत परतला. बसलेल्यांपैकी आधी बाद झालेला पोरगा टुणकन उठून आत शिरला.

“एक गुण आला, की एक गडी जिवंत होतो,” तो म्हणाला. “संघात आत किती उरलेत, ते मोजू नका. बाहेर बसलेल्यांत उठण्याजोगे किती आहेत, ते बघा.”

मराठी शिकवणाऱ्याला त्याच्या विद्यार्थ्याने असा अर्थ समजावून सांगावा! आपल्या जुन्या हुतूतूचे प्रकार तीन. ‘अमर’मध्ये गडी मरतच नाही, नुसते गुण मोजतात. ‘गामिनी’मध्ये मेलेला गडी सगळा संघ गारद होईपर्यंत मेलेलाच राहतो. आणि ‘संजीवनी’मध्ये आपल्या माणसाने गुण आणला, की मेलेला उठतो. आज जगभर खेळतात ती ही संजीवनी. ही नावे मी किती तरी वर्षे ऐकत आलो होतो, पण त्यांत एवढे तत्त्वज्ञान असेल हे कधी मनात आले नव्हते.

मग त्याने बोटांवर हिशेब मांडला. शादलुई गेला खरा, पण २०२२ ची पलटण तरी कुठे त्याच्यावर उभी होती? त्या वर्षी दुसरा इराणी, फजल अत्राचली, १ कोटी ३८ लाखांना आला होता. तोही वर्षभराने गेला. आले-गेले ते महागडे पाहुणे. राहिली ती घरची पोरे. अस्लम, आकाश, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. (पुणेरी पलटणीतले पुणेकर शोधू नयेत. अबिनेश तमिळनाडूचा आहे!) मोठ्या नावांच्या मागे न लागता कोवळी पोरे हेरायची, वर्षानुवर्षे एकत्र खेळवायची, हा धडा या संघाने अनेकदा तोंडघशी पडून गिरवला होता.

“आणि अस्लमचा गुडघा बरा होणार नाही, असं कुणी सांगितलं?” तो म्हणाला.

अस्लमविषयी त्याला जरा जास्तच माया. कारण अस्लम आमच्या नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून कालव्यात उतरते आणि मजल-दरमजल करीत टाकळीभानच्या टेलटँकपर्यंत पोहोचते. टेलटँक म्हणजे कालव्याच्या शेपटाचे तळे. शेपटाच्या गावाला पाणी मिळते ते सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी. तिथला एक मुलगा भारताच्या संघात जातो. मग कालव्याच्या तोंडाशी राहणाऱ्या अकोल्याच्या या डोंगरातल्या पोरांनी काय पाप केले आहे?

त्या ओघात मी धरणाकडे पाहिले. हे धरण आज निश्चिंत दिसते. पण १९६९ साली त्याच्या भिंतीला तडे गेले होते, पाणी झिरपू लागले होते. तेव्हा धरण मोडीत काढले नाही. साठा खाली आणला, भिंतीला खालच्या अंगाने दगड-काँक्रीटचे भक्कम टेकू दिले आणि ते पुन्हा भरू लागले. भिंत माणसाला बांधता येते, सावरताही येते. पाणी मात्र डोंगरातूनच यावे लागते. संघाचेही तसेच असावे. पैसा भिंत बांधील, पण पाणलोट आटला तर भिंत कशाला?

हे पाणलोटाचे भान नसले म्हणजे काय होते, तेही पुण्यानेच पाहिले आहे. फुटबॉलचा पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादेकडे गेली. प्रेक्षक होते, पोरे होती, बालेवाडीचे मैदान तर तेच होते! पण मालकाचा हिशेब जमला नाही, आणि तो डाव गामिनीचा ठरला. मेलेला गडी उठलाच नाही. तेव्हा नुसती गुणवत्ता असून भागत नाही. तिला उठायला संधी देणारा कोणी तरी लागतो.

इथे मला माझ्या देण्याकडे यावे लागते.

२०१२ साली हाच मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. जिल्हा संघाच्या निवड चाचणीला जायचे म्हणून माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आला. हजेरी कमी, परीक्षा तोंडावर. मी चष्म्यावरून पाहत म्हणालो होतो, “कबड्डीनं पोट भरत नाही. अभ्यास कर.” अर्ज मी सही न करताच परत दिला. तो गेला नाही. परीक्षेत जेमतेम पास झाला. नोकरीसाठी पुढे तीन-चार वर्षे भटकला आणि अखेर गावी परतून टपरी टाकली. मी सल्ला दिला त्यानंतर दोनच वर्षांनी ही लीग सुरू झाली.

तो निवडला गेला असता का? कोणास ठाऊक. पण त्याला रेषेबाहेर मी बसवले होते, प्रतिस्पर्ध्याने नव्हे. चहाचा कप हातात तसाच धरून मी हे त्याच्याजवळ बोलून गेलो.

“तुम्ही तेव्हा बरोबरच होता, सर,” तो म्हणाला. “त्या वेळी कबड्डीनं खरंच पोट भरत नव्हतं.”

त्याने रागावून काही बोलले असते, तर बरे वाटले असते.

तेवढ्यात बाहेरची पोरे भांडू लागली. कोण आधी बाद झाले होते, म्हणून कोण आधी उठणार, यावर तंटा. तो टपरीतून बाहेर गेला, त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निवाडा दिला. रोज संध्याकाळी दोन तास तो या पोरांना शिकवतो. मॅट नाही, मातीच आहे. पायात बूट असतील तर आहेत. फी नाही. घोटा कसा धरायचा, हे तो एका लहानग्याला दाखवत होता, तेव्हा मला तो बारा वर्षांपूर्वीचा उजवा कोपरा जसाच्या तसा दिसला.

निघताना मी पैसे देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत.

यापुढचा भाग वाचकांपैकी कबड्डीवेड्यांना ठाऊकच असेल. २०२५ च्या हंगामात तीच पलटण, तीच घरची पोरे. अठरापैकी तेरा सामने जिंकून साखळीत अग्रस्थान. पात्रता फेरीत तेलुगू टायटन्सविरुद्ध ५०-४५ असा घाम काढणारा विजय, त्यात आदित्य शिंदे या तरुण चढाईपटूने गुणांची लयलूट केली. आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत, दबंग दिल्लीविरुद्ध, अंतिम सामना. चार हंगामांतला तिसरा अंतिम सामना! ज्या संघाला मी डिसेंबरात तिलांजली देऊन बसलो होतो, तो अकरा महिन्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजत होता. २८-३१ अशी हार झाली.

हरला, म्हणजे माझेच खरे झाले का? मुळीच नाही. आठव्या जागेवरचा संघ लिलावातला मोहरा न उरताही पुन्हा दोन बोटांवर विजेतेपद आणून ठेवतो, याचा अर्थ गुणवत्ता त्याच्यापाशी होतीच. ती बाहेर बसली होती, एवढेच. उरलेले तीन गुण कुठून येतील, तेही मी आता सांगू शकतो. ते लिलावाच्या दालनातून येणार नाहीत. शेंडी, टाकळीभान आणि असल्या शेकडो गावांतून, कडेला उकिडव्या बसलेल्या पोरांतून येतील. मात्र त्यांच्या रजेच्या अर्जावर कोणी तरी सही केली पाहिजे.

सामना संपल्यावर मी त्याला दूरध्वनी केला. सांत्वन करावे, असा विचार होता.

“तीन गुणांनी गेली, सर,” तो म्हणाला. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता. मग थोडे थांबून म्हणाला, “उद्या पोरांना सकाळी लवकर बोलावलंय. दोघांना जिल्ह्याच्या निवडीला पाठवायचंय. एकाच्या शाळेचं पत्र तेवढं राहिलंय.”

मी त्याच्याकडून शाळेचे नाव घेतले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघालो. सौभाग्यवतींनी विचारले, “एवढ्या पहाटे कुठे?”

“चढाईला,” मी म्हणालो.