पत मोजणारी प्रारूपे

मार्टिन नोवाक आणि कार्ल झिग्मुंड यांनी 1998 मध्ये ‘नेचर’मध्ये एक साधे प्रारूप मांडले. प्रत्येकाच्या नावावर काही गुण. मदत केली की एक वाढतो, नाकारली की एक घटतो आणि पुढचा माणूस तो आकडा पाहून हात पुढे करायचा की नाही ते ठरवतो. त्याआधी संशोधक अॅक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास संगणकी प्रोग्रामांच्या ज्या स्पर्धा घेतल्या, त्यांत सहकार्य टिकले ते त्याच दोघांची वारंवार गाठ पडत होती म्हणून. इथे ते जवळजवळ अनोळखी माणसांतही टिकले. कौतुक झाले ते रास्तच. पण नंतरचे काम चाळले की जाणवते, गुण मोजणे हा प्रश्नाचा सोपा भाग होता.

लबाडाला मदत नाकारणाऱ्याचाही इथे गुण कापला जातो. मग आपल्या नावाला जपणारा लबाडाला कशाला दुखवेल? लायमार आणि हॅमरस्टाइन यांनी 2001 मध्ये यावरच बोट ठेवले आणि सगडेन यांची 1986 ची कल्पना पुढे आणली: नकार कोणाला दिला, तेही बघा. 2004 मध्ये ओत्सुकी आणि इवासा यांनी निवाड्याचे व वागण्याचे नियम जोडून होणाऱ्या चार हजारांवर जोड्या तपासल्या. सहकार्य भक्कम टिकवणाऱ्या आठच निघाल्या आणि त्या आठही जोड्यांत भल्याने लबाडाला दिलेला नकार दोष ठरत नाही.

यावर आक्षेप असा की खरी माणसे इतका विचार करतच नाहीत. मिलिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2001 च्या प्रयोगात लोक नुसत्या आकड्यावरच जास्त चालताना दिसले. पण त्यातून एवढेच कळते की नकारामागचे कारण लक्षात ठेवणे जड जाते. ते अनावश्यक आहे, हे सिद्ध होत नाही. नुसता आकडा किती फसवतो, ते ईबे या ऑनलाइन बाजारात दिसले. तिथे वाईट शेरा दिला तर विक्रेताही उलट वाईट शेरा देईल, या धास्तीने ग्राहक गप्प बसत. आकडे चकचकीत, पण त्यांमागची तक्रार गायब. अखेर 2008 मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला.

ओत्सुकी-इवासांच्या त्या आठ जोड्यांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: एखाद्याबद्दल सगळ्यांचे मत सारखेच असते. हिल्बे आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ती अट काढली. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहायचे, कधी चुकायचे, कधी काही नजरेतून निसटायचे. मग माझ्या लेखी लबाड असलेला तुमच्या लेखी सज्जन असू शकतो. त्याला मी नाकारले की तुमच्या हिशेबात मीच वाईट. मतभेदातून मतभेद वाढत गेले आणि सहकार्य ढासळले. मग सर्वांना एकच अधिकृत मत पुरवा, असे कोणी म्हणेल. प्रारूपात ते चालते, कारण तिथे मत पुरवणाऱ्याला स्वतःचा स्वार्थ नसतो. ईबेची बरीचशी कमाई मात्र विक्रीवरच्या शुल्कातून होते.