सायकल ट्रॅकचा हिशोब, धंदेवाल्याच्या वहीत

मागच्या बॅचमध्ये डबे पुरवणाऱ्या एक ताई होत्या. रोजचे ४५ डबे, पोहोचवायला दोन मुलं, दोघंही सायकलवर. खर्चाचा तक्ता भरताना म्हणाल्या, "सर, कर्ज काढून दोन जुन्या स्कूटर घेते."

मी म्हटलं, "ताई, सगळी गिऱ्हाइकं तीन किलोमीटरच्या आत. सायकलला पेट्रोल लागत नाही. आणि तुमच्या रस्त्याला तर सायकल ट्रॅक आहे!"

त्या हसल्याच. "आहे की. एकदा त्याच्यावरून जाऊन दाखवा."

भाच्याची सायकल घेऊन गेलो. लाल फरशी, पहिली दोन मिनिटं झकास. मग विजेचा डीपी बॉक्स आला. मग चहाची गाडी, मग ओळीने लावलेल्या मोटारसायकली. आणि चौक आला तसा ट्रॅकच गायब! जिथे सायकलवाल्याला खरी भीती, नेमकं तिथेच काही नाही. तीन किलोमीटरमध्ये अकरा वेळा उतरलो. ताईंचं बरोबर होतं.

आता हा पैसा कुणाचा? तुमचा-माझाच. मग तो आपल्या वहीत मांडून बघायला काय हरकत आहे?

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या काळात, म्हणजे २००५ नंतर, इथे बीआरटीच्या रस्त्यांना जोडून सायकल ट्रॅक झाले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला. ८२४ किलोमीटरचं जाळं, अंदाजे खर्च ३३५ कोटी. भागाकार करा. किलोमीटरला साधारण ४० लाख. रस्त्यांच्या कामात ही रक्कम मोठी नाही. म्हणून "सायकलवर पैसा उधळला" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. रकमेपेक्षा तिच्या बदल्यात काय मिळालं, ते बघा.

आइस्क्रीमचा धंदा घ्या. कारखान्यात फ्रीझर आहे, दुकानात फ्रीझर आहे, पण मधला टेम्पो साधा. माल किती टक्के वाचला? शून्य! ट्रॅकचं तसंच आहे. दोन किलोमीटर चांगला आणि मधला एक चौक जीवघेणा असेल, तर आई मुलाला सायकल देत नाही आणि ताई स्कूटर घेतात. पण कागदावर मात्र "दोन किलोमीटर पूर्ण".

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास ट्रॅक केला. वापर जेमतेम, आणि २०२५ मध्ये तो काढून ती जागा गाड्यांना द्यायचं ठरलं. म्हणजे बांधायला पैसा आणि काढायलाही पैसा. पवई तलावाकाठचा ट्रॅक तर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढायला लावलं. लायसन्सच्या आधी गाळ्याचं फर्निचर करणाऱ्यांनी हे जरा दोनदा वाचा.

मग हे कुठेच जमत नाही का? जमतं. स्पेनमधल्या सेव्हिलचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे २००६-०७ मध्ये पहिले सुमारे ८० किलोमीटर जवळजवळ एका दमात झाले, नंतर १२० पर्यंत गेले. खर्च सुमारे ३.२ कोटी युरो. त्यांनी तुकडे केले नाहीत, पहिल्या दिवसापासून जाळं जोडलेलं ठेवलं. काही वर्षांतच शहरातल्या प्रवासात सायकलचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून सहा टक्क्यांच्या घरात गेला. हवामान म्हणाल तर तिथला उन्हाळा आपल्या नागपूरकरांना ओळखीचा वाटेल असा!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ट्रॅकला पैसा द्यावा, पण किलोमीटर मोजून बिल काढू नये. आधी आणि नंतर किती सायकली गेल्या ते मोजावं, आणि झाडलोट-दुरुस्तीची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढावी. मशीन घेताना आपण सर्व्हिसिंगचा खर्च धरतोच ना?

दुकानदारांची भीती मला कळते. पार्किंग गेलं की गिऱ्हाईक गेलं, असं वाटतं. पण अंदाजावर भांडू नका. संध्याकाळी एक तास काउंटरवर वही ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, कसे आलात? चालत, सायकलवर, दुचाकीवर, कारने? चार रकाने पुरे. माझ्या बॅचमधल्या एका किराणावाल्याला वाटत होतं निम्मे कारवाले असतील. निघाले ३८ पैकी ४.

पुण्यात नागरिकांना प्रभागातली कामं सुचवता येतात, ती महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी घेतली जातात. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. "सायकल ट्रॅक सुधारा" असं मोघम लिहू नका. अमुक चौकात उतार करा, तमुक डीपी बॉक्स हलवा, असं नेमकं लिहा.

ताईंनी तसंच लिहून दिलंय. सध्या एकच स्कूटर घेतली, लांबच्या १८ डब्यांसाठी. दुसरा मुलगा अजून सायकलवरच आहे. अर्जाला जोडायला ट्रॅकवरच्या अडथळ्यांचे फोटो काढायला त्या निघाल्या, तेव्हा पहिला फोटो त्यांच्याच मेसच्या बोर्डाचा निघाला. तो त्यांनी त्याच संध्याकाळी आत घेतला.