रात्रीच्या नुकसानीचे देणे

गेल्या आठवड्यात फजरची नमाज पढून परतताना घरासमोर लावलेली मोटार जरा तिरकी दिसली. जवळ गेलो तर मागच्या दिव्यापासून दारापर्यंत पत्रा आत गेलेला, उजवा आरसा वायरीला लोंबकळत होता आणि लाल काचेचा चुरा रस्त्यावर पसरला होता. राखाडी पत्र्यावर पांढऱ्या रंगाचे ओरखडे होते. दोन पावले पुढे खजूर आणि टरबुजे विकणाऱ्या मामांची हातगाडी खांबाला साखळीने बांधलेली असते. तिचे एक चाक पार मुरडले होते.

समोरच्या काकू म्हणाल्या, ‘रात्री दोनच्या सुमारास धाडकन आवाज झाला. गाडी थांबली, मिनिटभर उभी राहिली आणि मग गेली.’

मिनिटभर थांबली, हे मला पत्र्यापेक्षा जास्त लागले. अंधारात धक्का लागला आणि कळलेच नाही, असे घडू शकते. इथे चालवणाऱ्याला कळले होते. त्याने विचार केला आणि मग तो गेला.

गल्लीत माणसे जमली. दुकानाचा सीसीटीव्ही शटरकडे तोंड करून बसलेला, गाडीचा नंबर कोणी पाहिलेला नाही. तरी पाच मिनिटांत चालवणाऱ्याचा मोहल्ला ठरला आणि मोहल्ल्यावरून धर्मही ठरला. ‘तिकडचाच असणार.’ दोन्ही बाजूंच्या लोकांचे ‘तिकडे’ वेगवेगळे होते, एवढाच फरक. या शहरात ही सवय जुनी आहे आणि तिची किंमत आपण सगळ्यांनी मोजली आहे.

मामा पैठणकडचे. चाकाकडे बघत ते म्हणाले, ‘सर, गावाकडं ढोर रात्री दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलं तर ते कोंडवाड्यात जातं. सोडवायला मालकाला यावंच लागतं. गाडीला कोंडवाडा नाही.’

कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनी 1871 मध्ये केला, पण मामांचा प्रश्न त्याहून फार जुना आहे. तरावीहच्या नमाजीत कुरआन सतराव्या पाऱ्यावर येतो तेव्हा सूरह अंबिया सुरू होते. तिच्या 78 आणि 79 या आयतींत असाच एक खटला आहे. एकाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. आयतीत त्यासाठी जो अरबी शब्द आला आहे, त्याचा अर्थच रात्री राखणदाराविना चरणे असा आहे. हे प्रकरण हजरत दाऊद आणि त्यांचे पुत्र हजरत सुलेमान यांच्यापुढे आले. ख्रिस्ती वाचक त्यांना डेव्हिड आणि सॉलोमन म्हणून ओळखतात. भाष्यकार सांगतात की दाऊद यांनी मेंढ्याच शेतमालकाला द्यायला सांगितल्या. सुलेमान यांचा निवाडा वेगळा होता. मेंढीवाल्याने शेत पुन्हा पहिल्यासारखे करून द्यावे आणि तोवर मेंढ्यांचे दूध आणि लोकर शेतमालकाने घ्यावी. म्हणजे नुकसान पूर्ण भरून निघाले आणि मेंढीवालाही देशोधडीला लागला नाही.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातही असा एक प्रसंग आहे. हजरत बरा बिन आजिब यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी निर्णय दिला, की दिवसा बाग राखणे बागवाल्याचे काम, पण रात्री जनावर काही बिघडवील तर ते जनावरवाल्याच्या माथी. दिवसा मालक जागा असतो. रात्री तो दुसऱ्यावर विश्वास टाकून झोपलेला असतो.

हेतू नव्हता, ही सबब इथे चालत नाही. उस्मानी तुर्कांच्या राज्यात 1869 ते 1876 या काळात इस्लामी दिवाणी कायद्याची ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार झाली. स्वतःच्या हातून थेट नुकसान करणारा, त्याने ते मुद्दाम केलेले नसले तरी, भरपाईला बांधील राहतो, असे तिचे 92 वे कलम सांगते. नुकसान झालेल्याचा धर्म कोणता, हे त्यात कुठेही विचारलेले नाही.

आपल्याकडचा कायदाही याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 फक्त माणूस जखमी झाल्यावर लागते, असा अनेकांचा समज आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी ते लागू होते. पोलिसांनी विचारल्यास माहिती देणे आणि विमा कंपनीला कळवणे चालकावर बंधनकारक आहे. ते टाळले तर कलम 187 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आता खर्चाचे. माझ्या मोटारीचा विमा आहे, पण धक्का देणारा सापडला नाही तर दावा माझ्याच पॉलिसीवर पडतो. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याची साधारण निम्मीच किंमत मिळते. लहान मोटारीच्या दाव्यात पहिले 1000 रुपये मालकाचे. शिवाय दावा न केल्याबद्दल वर्षागणिक 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी हप्त्यातली सवलत जाते, ती वेगळीच. तरी माझे निभावेल. हातगाडीला विमा नसतो. बेवारस धडकेत माणूस दगावला तर सरकारी योजनेतून 2 लाख आणि गंभीर जखमी झाला तर 50 हजार रुपये मिळतात. मुरडलेल्या चाकाला तिथे जागा नाही. मामांचे तीन दिवस गेले, तेही वर्षातल्या सर्वांत जास्त कमाईच्या महिन्यातले.

आणि पळून जाणाऱ्याने वाचवले तरी काय? सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात खासगी मोटारीकडून होणाऱ्या दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, दुचाकीसाठी 1 लाखापर्यंत. त्याचा हप्ता त्याने आधीच भरलेला असतो. तो दावा न्यायाधिकरणापुढे जातो, वेळ खातो, हे खरे. म्हणून चाक-आरशाचा मामला समोरासमोर मिटवलेला बरा. पण त्यासाठी समोर यावे लागते.

रमजानच्या पानावर हे लिहिण्याचे कारण आहे. शहागंज, सिटी चौक, रोशन गेटचा परिसर या दिवसांत मध्यरात्रीनंतरही जागा असतो. हत्ती-घोडे आणि बैलगाड्यांच्या काळात वसलेल्या गल्ल्यांत आपण मोटारी घालतो. इफ्तारच्या आधीची दहा मिनिटे तर विचारूच नका. खजूर तोंडात पडायच्या आत घर गाठायचे म्हणून चाललेली ती घाई कोणत्याही मौलानांनी शिकवलेली नाही. तरावीहला येताना दुसऱ्याच्या फाटकापुढे दुचाकी आडवी लावणारा वीस रकात उभा राहतो, आणि आतला आजारी माणूस बाहेर कसा निघेल हे त्याच्या मनातही येत नाही.

धर्मशास्त्रात दोन हिशेब आहेत. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. पहिल्यातली चूक पश्चात्तापाने माफ होऊ शकते. दुसऱ्यातली चूक ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई दिल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही. पैगंबरांनी (स.) खरा दिवाळखोर कोण हे सांगितले आहे. कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येणारा, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याचे एकेक पुण्य त्या लोकांना वाटून टाकले जाईल.

कॉलेजमध्ये हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारले, ‘सर, चिठ्ठी ठेवायला थांबलो आणि लोक मारायला धावले तर?’ भीती खोटी नाही. जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यातही कायद्याने जमावाच्या संतापाची अडचण मान्य केली आहे. मी म्हटले, तिथून नीघ, पण सरळ पोलीस ठाण्यात जा. नाहीतर सकाळी ये. चिठ्ठी वायपरखाली लाव, पावसाचे दिवस असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

मागच्या बाकावरून दुसऱ्याने विचारले, ‘चिठ्ठीत नाव लिहायचं का, सर?’

तो हे का विचारतो आहे, ते वर्गातल्या सगळ्यांना कळले होते. मी सांगितले, ‘मोबाइल नंबर लिही, गाडीचा नंबर लिही आणि वेळ लिही. नाव फोनवर सांगता येईल.’