पडत्या पट्टीचे घड्याळ

शंभर रुपयांची नोट उभी धरा. समोरच्या मुलाला अंगठा व तर्जनी नोटेच्या मधोमध, पण तिला न टेकवता ठेवायला सांगा. 'पकडलीस तर तुझी', असे म्हणा आणि थोडा वेळ थांबून अचानक नोट सोडा. बहुतेक वेळा नोट चिमटीतून निसटून खाली पडते. हातचलाखी काहीच नाही. मग मुलाची बोटे मिटायला उशीर का होतो?

नोट सुटल्याचे डोळ्यांना दिसते, ती खबर मेंदूकडे जाते, मेंदूचा हुकूम मज्जारज्जूमार्गे हाताच्या स्नायूंपर्यंत पोचतो आणि मग बोटे मिटतात. या सगळ्या धावपळीला लागणारा वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल. तो साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा असतो. एवढा छोटा काळ मोजायचा कसा? स्टॉपवॉच हाती घेऊन उपयोग नाही, कारण त्याचे बटण दाबणाऱ्या बोटालाही तेवढाच उशीर लागतो! अशा वेळी पडणाऱ्या वस्तूलाच घड्याळ बनवता येते.

स्थिर स्थितीतून सोडलेली वस्तू किती वेळात किती खाली येईल हे ठरलेले असते. हवेचा अडथळा नगण्य असेल, तर वस्तू जड की हलकी याने फरक पडत नाही.

अंतर = १/२ × गुरुत्व त्वरण × काळाचा वर्ग

गुरुत्व त्वरण ९८० सें.मी. प्रति सेकंद वर्ग धरू. म्हणजे पडलेले अंतर (सें.मी.मध्ये) दुप्पट करायचे, त्याला ९८० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे, उत्तर सेकंदांत मिळते. नोट कागदाची, हवेत भरकटणारी. म्हणून मापनासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची ३० सें.मी.ची पट्टी घेऊ.

पट्टी ३० च्या खुणेजवळ धरून उभी लोंबकळत ठेवा. मुलाचा हात टेबलाच्या कडेवर टेकलेला असावा, म्हणजे तो पट्टीमागे खाली जाणार नाही. शून्याची खूण अंगठ्याच्या वरच्या कडेशी जुळवा. 'तयार' म्हटल्यावर दर वेळी वेगवेगळा वेळ थांबून पट्टी सोडा. तिला खाली ढकलू मात्र नका. पकडल्यावर अंगठ्याच्या वरच्या कडेशी आलेला आकडा वाचा. अशी दहा वाचने घ्या. आकड्यांचा अर्थ असा:

५ सें.मी. – ०.१० सेकंद
१० सें.मी. – ०.१४ सेकंद
१५ सें.मी. – ०.१७ सेकंद
२० सें.मी. – ०.२० सेकंद
२५ सें.मी. – ०.२३ सेकंद
३० सें.मी. – ०.२५ सेकंद

काळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, हे ५ आणि २० सें.मी.च्या ओळींवरून दिसेल. याचा एक फायदा आहे. २० सें.मी.च्या वाचनात एका सेंटिमीटरची चूक झाली, तर अंतरात ५ टक्के चूक होते. पण काळात ती सुमारे अडीच टक्केच, म्हणजे ०.००५ सेकंद. चार आण्याच्या पट्टीकडून एवढी अचूकता मिळते! वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मात्र प्रत्येक वाचनाचा काळ आधी काढावा आणि मग सरासरी घ्यावी. अंतरांची सरासरी काढून तिचा काळ काढला, तर उत्तर किंचित वेगळे येते. का, ते त्यांनाच शोधू द्या.

आता नोटेचे कोडे सुटते. नोट सुमारे १४ सें.मी. लांब, मधून धरली तर पकडायला ७ सें.मी. उरतात. त्यासाठी मिळतात फक्त ०.१२ सेकंद, आणि डोळ्यांनी पाहून बोटे मिटवायला एवढा वेळ सहसा पुरत नाही. एखाद्याने पकडलीच, तर बहुधा तो अंदाजाने आधीच मिटला. पट्टीच्या प्रयोगात ५ सें.मी.हून कमी वाचन आले तर तेही असेच समजावे. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीची सुरुवात केलेला मानला जातो, तो याच तर्काने.

वाचने हाती आली की मुले लगेच 'पहिला कोण, शेवटचा कोण' असे विचारतात. इथे एक जुनी हकीकत सांगावी. इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलाइन यांनी १७९६ मध्ये आपला सहायक किनब्रुक याला कामावरून काढले. दुर्बिणीतल्या बारीक धाग्यावरून तारा सरकण्याचा क्षण, घड्याळाचे टोले ऐकत टिपायचा, हे त्याचे काम. त्याच्या नोंदी मॅस्केलाइन यांच्या नोंदींहून ०.८ सेकंदांनी उशिराच्या येत. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८२० च्या सुमारास इतर निरीक्षकांशी आपल्या नोंदी ताडून पाहिल्या. निष्णात निरीक्षकांतही असा फरक आढळला, कधी तर सुमारे एक सेकंदाचा! या नोंदींत केवळ प्रतिक्रियाकाल नव्हे, तर डोळा व कान यांची सांगड घालण्यातला फरकही होता. पण मुद्दा स्पष्ट झाला: किनब्रुकची कसूर म्हणून जे मोजले गेले, ते निरीक्षकानिरीक्षकांतले नैसर्गिक अंतर होते.

म्हणून वाचनांचा तक्ता फळ्यावर लिहिताना नावे लिहू नयेत असे आम्हाला वाटते. एकाच मुलाची दहा वाचनेही एकसारखी नसतात, हे मुलांना दाखवावे. थकवा, झोप, लक्ष विचलित होणे यांनी काळ वाढतो. मग शेजारच्याशी गप्पा मारत पट्टी पकडली तर काय होते?

हा शेवटचा प्रश्न रस्त्यावर फार महत्त्वाचा ठरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पट्टीपुढे बसलेला मुलगा सावध असतो, त्याला काय करायचे ते ठाऊक असते. रस्त्यावर अचानक कोणी आडवे आले, तर ते ओळखणे, निर्णय घेणे आणि ब्रेक दाबणे यांत सहज एक सेकंद किंवा त्याहून अधिक जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी वर्गाच्या दोन खोल्यांएवढे अंतर कापून गेलेली असते. हे अंतर मैदानावर पावलांनी मोजून मुलांना दाखवा. त्यांच्यातील काहीजण लवकरच गाडी चालवू लागतील.